करकरणारं दार

मागच्या अंकात मी वाचकांना दोनच गोष्टी विचारल्या होत्या. तुम्ही कुठे बसून लिहिता, आणि कुठे बसून लिहावंसं वाटतं? पहिल्या प्रश्नाला बहुतेकांनी एका ओळीत उत्तर दिलं आणि दुसऱ्यावर पानंच्या पानं लिहिली. काहींनी उलट मलाच विचारलं. त्यातली सात पत्रं घेते आहे. नावं मुद्दाम वगळली आहेत.

प्रश्न : ताई, दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं राहतो. टेबल एकच, त्यावर मुलांचा अभ्यास चालतो. माझ्या चार कथा छापून आल्या आहेत. कादंबरी डोक्यात आहे, पण स्वतंत्र खोली मिळाल्याशिवाय ती हाती घेऊ नये असं वाटतं. बरोबर आहे ना?

नाही. कादंबरी या आठवड्यातच सुरू करा.

माझी पहिली कादंबरी मी शिलाई मशीनवर लिहिली. मशीन आत दुमडून झाकण लावलं की वर जी फळी उरते, तिच्यावर वही मावते, कोपर मावत नाही. सहा वर्षं उजवं कोपर अधांतरी ठेवून लिहिलं. पाय खालच्या पायट्यावर असायचे आणि वाक्य अडलं की आपोआप पायटा हलायला लागायचा. आता मला नीट टेबल आहे, तरी वाक्य अडलं की पाय हलतोच.

स्त्रीला लिहायचं तर स्वतःची खोली हवी आणि हातात पैसा हवा, हे व्हर्जिनिया वूल्फने १९२९ साली मांडलं. मला ते मशीनवर लिहितानाही पटत होतं, आजही पटतं. खोलीचा हक्क सोडू नका. पण खोली नेमकी करते काय, हे आधी बघू या.

इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनला स्वतंत्र खोली नव्हती. इंग्लंडमधल्या चॉटन गावच्या घरात, जिथे सगळ्यांची ये-जा असायची तिथेच, ती एका लहानशा टेबलाशी बसायची. तिच्या भाच्याने आठवणी लिहून ठेवल्या आहेत. ती कागदाच्या छोट्या तुकड्यांवर लिहायची, म्हणजे कोणी आलं की ते चटकन टिपकागदाखाली सरकवता येत. त्या खोलीचं एक दार उघडताना करकरायचं. ती ते दुरुस्त करू देत नसे, कारण कोणी येतंय हे तिला त्या आवाजाने आधी कळायचं. मला या गोष्टीत त्या दाराचं मोल टेबलापेक्षा जास्त वाटतं. आपण लिहिण्यात बुडालेले असताना कोणी अचानक अंगावर येणार नाही, एवढी खात्री ते दार देत होतं. चार भिंतींकडून आपल्याला हवी असते ती हीच खात्री, आणि ती घरच्यांकडूनही मागून घेता येते.

म्हणून आधी घरच्यांशी बोला. चोरून लिहू नका. चोरून लिहिणाऱ्या बाईला हाक मारताना कोणाला काही वाटत नाही, कारण ती काही करते आहे हेच कोणाला माहीत नसतं. आमच्या घरी ठरलं होतं की मशीनवरचा छोटा दिवा लागला की ४० मिनिटं आईला हाक मारायची नाही. दिवा मालवला की काहीही विचारा. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. एका संध्याकाळी मी दिवा मालवून वळले, तर तो भिंतीला टेकून उभा होता, गुडघा फुटलेला, रक्त पार मोज्यापर्यंत आलेलं. दिवा बंद व्हायची वाट पाहत होता. त्या रात्री आम्ही नियमात भर घातली : रक्त, ताप आणि दाराशी आलेला माणूस, यांना दिव्याचा नियम लागू नाही. त्यानंतर तो नियम वीस वर्षं टिकला. तो क्षण आठवला की आजही माझा गळा दाटून येतो. तरी नियम केला याचा पस्तावा नाही. माझं काम खरं आहे हे त्या मुलाला माझ्याही आधी पटलं होतं.

आणखी एक सांगते. अगाथा ख्रिस्तीने आत्मचरित्रात म्हटलंय की तिला लिहायला न हलणारं टेबल आणि टाइपरायटर एवढंच पुरायचं. झोपायच्या खोलीतलं हातपाय धुण्याचं संगमरवरी टेबल चालायचं, नाहीतर दोन जेवणांच्या मधल्या वेळात जेवणाचं टेबल. मुलांचा अभ्यास संपल्यावर तुमचंही टेबल मोकळं असतंच ना?

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. मला रात्री एकनंतरच लिहायला सुचतं. सगळे सांगतात, खरे लेखक पहाटे लिहितात. सवय बदलू का?

सवय बदलायची घाई करू नकोस. पहाट आणि रात्र, दोन्ही बाजूंना थोर माणसं आहेत. अँथनी ट्रोलप इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, आणि दर पाव तासाला २५० शब्द. नोकरी सांभाळून त्याने अशाच कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. काफ्का प्रागमध्ये अपघात विम्याच्या कार्यालयात काम करायचा आणि रात्री लिहायचा. २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला तो बसला तो सकाळी सहाला उठला, आणि एक कथा एका बैठकीत पूर्ण झाली. बसून बसून पाय इतके ताठरले होते की टेबलाखालून बाहेर काढवत नव्हते, असं त्याने रोजनिशीत लिहिलंय.

तुझ्या वयात त्या एका रात्रीची भुरळ पडते. मलाही पडली होती. पण त्याच रोजनिशीत ‘आज काही लिहिलं नाही’ अशा नोंदी जागोजागी आहेत, त्याही वाच. ती रात्र त्या नोंदींच्या मधोमध आली.

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसनचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. दोन लहान मुलं, एकटीवर घर, प्रकाशन संस्थेत संपादकाची नोकरी. मुलं जागी होऊन ‘आई’ म्हणण्याआधीचा वेळ तिचा स्वतःचा, म्हणून ती अंधारात उठायला लागली. सुरुवात गरजेपोटी झाली. पुढे मुलं मोठी झाली तरी तिने ती वेळ सोडली नाही. अंधारात उठून उजाडताना पाहणं हा तिच्या लिहिण्याचाच भाग होऊन गेला होता.

तेव्हा घड्याळ सोड आणि एवढंच तपास : दिवसातल्या कोणत्या वेळी तुझ्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नसते? तुझ्यासाठी आज ती रात्री एकची वेळ असेल. नोकरी लागली, घर झालं की ती सरकेल. सरकली की तिच्यामागे जा. आणि सकाळी कॉलेजचे तास असतील तर रात्री दोनला वही मिट. झोपेतून उसनं घेतलेलं लिखाण मी पुष्कळ केलंय. त्यातलं फार थोडं ठेवण्यासारखं निघालं.

प्रश्न : निवृत्त झाल्यावर लिहायसाठी खास खोली करून घेतली. खिडकीसमोर टेबल, तीन भिंतींना पुस्तकं, उत्तम खुर्ची. आठ महिने झाले. एक पान लिहून झालेलं नाही. खोलीत गेलो की छातीवर दडपण येतं. माझ्यात लेखक नव्हताच का?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटचं वाक्य काढून टाका, कारण त्याचं उत्तर ती खोली देऊ शकत नाही.

मी एकतीस वर्षं हिशेबाच्या टेबलाशी नोकरी केली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदा खोली मिळाली आणि अकरा आठवडे हातून एक ओळ उतरली नाही. तेव्हा वाटलं, शिलाई मशीनबरोबर माझं लिहिणंही गेलं. पुढे हळूहळू कळलं की इतकी वर्षं माझ्या आणि कागदाच्या मध्ये काही ना काही असायचं. वेळ नाही, जागा नाही, आता हाक येईल. अपुरं लिहिलं तर दोष त्यांच्यावर जायचा. खोली झाली, सबब संपली आणि एकदम मी आणि कागद समोरासमोर आलो. ते दडपण अगदी खरं असतं. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही या कामाला हलकं समजत नाही.

आता करण्यासारख्या गोष्टी. टेबल खिडकीपासून हलवा आणि भिंतीकडे तोंड करून ठेवा. पुस्तकं पाठीमागे जाऊ द्यात. माया अँजेलू लिहायसाठी घर सोडून हॉटेलात महिन्याच्या बोलीने खोली घ्यायची. सकाळी लवकर जायची आणि दुपारपर्यंत लिहायची. भिंतीवरची सगळी चित्रं तिने काढायला लावली होती. शब्दकोश, बायबल, पत्त्यांचा कॅट, पिवळ्या कागदांचं पॅड एवढं घेऊन ती पलंगावर आडवी होऊन लिहायची. एवढ्या मोठ्या लेखिकेला डोळ्यांसमोर चित्रसुद्धा नको होतं, आणि तुमच्या डोळ्यांसमोर तीन भिंती भरून इतरांची पूर्ण झालेली पुस्तकं आहेत! रोज सकाळी त्या सगळ्यांच्या नजरेला नजर देऊन पहिलं वाक्य लिहायचं म्हणजे कोणाचाही हात थांबेल.

मुलांसाठी लिहिणाऱ्या रोआल्ड डालची बागेतली लिहिण्याची झोपडी बघा. जुनी आरामखुर्ची, पाठ दुखायची म्हणून तिच्या पाठीला पाडलेलं भोक, मांडीवर आडवी फळी, टोक केलेल्या पेन्सिली. ती झोपडी कोणाला दाखवण्यासाठी नव्हती. शरीराला जे टोचत होतं ते एकेक करत त्याने काढून टाकलं आणि उरली ती त्याची जागा. तुमची खोली मात्र लिहायला लागण्याआधीच पूर्ण झाली, म्हणून ती अजून तुमच्या अंगाला बसलेली नाही.

आणि महिनाभर तिथे नवं काही लिहू नका. पत्रं लिहा. जुन्या वहीतलं एखादं पान चांगल्या अक्षरात उतरवून काढा. मी अकराव्या आठवड्यात तेच केलं. पहिल्या कादंबरीतलं एक प्रकरण पुन्हा हाताने उतरवायला घेतलं. चौथ्या पानावर एक वाक्य बदलावंसं वाटलं, मग त्याच्या पुढचं. त्या दिवशी मला माझी खोली मिळाली. शिलाई मशीनही मी आत आणून ठेवलंय, डाव्या कोपऱ्यात. त्यावर काही लिहीत नाही, पण ते दिसलं की बरं वाटतं.

प्रश्न : हाताने लिहावं की संगणकावर?

ज्याने हात थांबत नाही त्याने. टिळकांना मंडालेच्या तुरुंगात शाई नव्हती आणि सुटे कागदही नव्हते. पानं मोजलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल एवढ्यावर १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून झालं. साधनांची तक्रार माझ्या तोंडाशी आली की मला त्या मोजलेल्या पानांची आठवण होते.

माझी पद्धत सांगते. पहिला खर्डा वहीत, फक्त उजव्या पानावर. डावं पान दुरुस्त्यांसाठी कोरं. दुसरा खर्डा संगणकावर, आणि तो वही समोर ठेवून पुन्हा पहिल्यापासून टाइप करते. यात वेळ जातो, पण प्रत्येक वाक्य बोटांखालून पुन्हा जावं लागतं आणि जे वाक्य टाइप करायचा कंटाळा येतो ते बहुधा नको असलेलं वाक्य असतं. हल्ली अनेक जण फोनला बोलून लिहितात. संवाद लिहिण्यासाठी मी ते करून पाहिलं, छान उतरतात. वर्णनाला मात्र मला हातच लागतो.

प्रश्न : घरात शांतता असूनही मला वाचनालयात किंवा गाडीच्या प्रवासात जास्त चांगलं लिहिता येतं. हे विचित्र आहे का?

मुळीच नाही. अनोळखी माणसांच्या आवाजात तुमच्यासाठी काही नसतं, म्हणून तो कानाला लागत नाही. घरात शेजारच्या खोलीत भांडं वाजलं तरी ते कशाचं, कोणी पाडलं, उठावं का, एवढं सगळं मनात होऊन जातं. गर्दीत बसलेल्या लेखकाला कोणी हाक मारणार नसतं. त्याचं करकरणारं दार म्हणजे ती गर्दीच. खुशाल प्रवास करा, फक्त वही गुडघ्यावर घट्ट धरता येईल अशी जाड पुठ्ठ्याची घ्या.

प्रश्न : रोज लिहायला बसते, पण सूर सापडेपर्यंत तास जातो आणि मग उठायची वेळ होते. हा तास वाचवता येईल का?

वाचवता येतो, पण तो आदल्या दिवशी वाचवावा लागतो.

हेमिंग्वे सकाळी उभ्याने लिहायचा, टाइपरायटर छातीच्या उंचीवर. रोज किती शब्द झाले ते पुठ्ठ्यावरच्या तक्त्यात मांडायचा. ४५०, ५७५, ४६२, मग एखाद्या दिवशी १२५०. तक्ता स्वतःला फसवू नये म्हणून, असं त्याने मुलाखतीत सांगितलंय. पण त्याची माझ्या खरोखर उपयोगी पडलेली गोष्ट वेगळी आहे. पुढे काय घडणार हे माहीत असतानाच तो थांबायचा.

आपण बहुतेक जण उलटं करतो. आतलं सगळं संपेपर्यंत लिहितो, प्रकरण पूर्ण झालं की समाधानाने उठतो, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर तास घालवतो. माझ्या ४० मिनिटांत तासभर घालवणं परवडणारच नव्हतं. मी दिवा मालवण्याआधी पुढचं वाक्य अर्धं लिहून ठेवायला लागले. क्रियापद मुद्दाम लिहायचं नाही. आपल्या भाषेची ही केवढी सोय आहे, वाक्याचा जीव शेवटी असतो! दुसऱ्या दिवशी वही उघडली की ते लोंबकळणारं वाक्य पूर्ण केल्याशिवाय राहवत नाही, आणि ते पूर्ण होईपर्यंत पुढचं आलेलं असतं. समासात दोन शब्दही टिपून ठेवते, ‘सून पत्र लपवते’, ‘पाऊस नको’ असे. दुसऱ्या कोणाला त्यातून काही कळणार नाही, मला पुरतात.

थांबायला धीर लागतो. उद्या हे आठवलं नाही तर, अशी भीती वाटते. पहिले पंधरा दिवस मलाही वाटली. पंधरा दिवस करून बघा आणि मला कळवा.

प्रश्न : वडील दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. रात्रीही. मला सलग वेळ मिळतो तो दहा-बारा मिनिटांचा, आणि तेव्हा डोकं चालत नाही. आधी मी रोज लिहायचो. आता लिहिणं सोडून द्यावं, असं मनाशी ठरवतो आहे. तुमचं मत हवं आहे.

तुम्ही जे करत आहात ते आधी. लिहिणं त्याच्यानंतर. यात मला शंका नाही आणि तुम्हालाही नाही, म्हणूनच तुम्ही सोडून द्यायचं म्हणता. पण या दोन गोष्टींत निवड करायची वेळ आली आहे असं मला वाटत नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, हात कामात असताना त्यांनी ओव्या रचल्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातले लोक त्या उतरवून घेत. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि त्यानंतर १९५२ मध्ये त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या. त्यांना टेबल नव्हतं, वही नव्हती, सलग वेळ नव्हता. त्यांच्याकडे होती ती कामाची लय आणि पाठांतर. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला हात लावणं, चादर ताणणं, यालाही लय आहे. त्या लयीत एखादी ओळ डोक्यात फिरत राहिली तर फिरू द्या. कागद लगेच लागत नाही.

माझी आई शेवटचे चौदा महिने अशीच होती. त्या काळात मशीनवरचा दिवा मी एकदाही लावला नाही. तिच्या उशाशी ताप आणि औषधांच्या वेळा लिहायचा कागद असायचा, रेघा मारलेला. एका रात्री तीनच्या नोंदीपुढे ताप लिहिला आणि त्याच रांगेत, उरलेल्या जागेत, ‘तिने मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली’ असं लिहिलं. का लिहिलं, सांगता येणार नाही. मग रोज एकेक नोंद अशी होत गेली. कधी चार शब्द. कित्येक दिवस नुसता ताप आणि वेळ, पुढे काहीच नाही. चौदा महिन्यांनी ते कागद मी एका दोऱ्याने बांधून ठेवले. तीन वर्षं सोडले नाहीत. पुढे सोडले तेव्हा त्यातल्या अकरा ओळी एका कथेत जशाच्या तशा गेल्या. एक शब्दही बदलावा लागला नाही.

तुमच्याकडेही असा नोंदींचा कागद असणारच. उजवीकडे बोटभर जागा मोकळी सोडून रेघ मारा. या उत्तराला पत्र लिहायची तसदी घेऊ नका. जमेल तेव्हा आजच्या रात्रीची एक ओळ फक्त पाठवा, आणि तिच्यापुढे वेळ लिहा.